बावनगजाला आई जेवायला बसली

माझ्यामुळे आईवर उपाशी राहायची वेळ आयुष्यात एकदाच आली, पण ती चौऱ्याऐंशी फुटी भगवंतांच्या डोळ्यांदेखत आली.

त्या वर्षी अंजनगावकडच्या आमच्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती आणि पऱ्हाटीवर अळी होती. खरं म्हणजे अळीच होती, मधूनमधून पऱ्हाटी दिसायची. आम्ही जैन माणसं, घरात मुंगी निघाली तर तिला कागदावर घेऊन अंगणात पोचवणारी! तरी बाबांनी चार वेळा फवारा मारला. अळ्यांनी त्या औषधावर बाळसं धरलं. पीक गेलं ते गेलंच, वर आईच्या जिवाला पापाचा घोर लागला. बावनगजाच्या डोंगरात कोरलेल्या आदिनाथांचं दर्शन होईपर्यंत तिनं रोज एकासन धरलं.

"अवं, एक अळी मेली नाही," बाबा म्हणाले. "मंग प्रायश्चित्त कायचं?"

"मारायची इच्छा तं होती ना!"

बाबांची इच्छा अजूनही होती.

एकासन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही सूर्य मावळायच्या आत, एका जागी बसून. जेवता जेवता जागेवरून उठलं की जेवण संपलं, मग ताटात काहीही असो. पुढचा घास थेट दुसऱ्या दिवशी. हा नियम मला लहानपणापासून पाठ होता. (पाठ असणं आणि लक्षात असणं यांत फरक असतो, हे मला बावनगजाला कळलं.)

रशीदभाईंची जीप ठरवून आम्ही पहाटेच निघालो. मी तेव्हा अकोल्याला जठारपेठेत मामाकडे शिकायला होतो, म्हणून मामाचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल. बावनगजाजवळचं बडवानी येईपर्यंत पस्तीस संपले. जीप, जीपसमोर मी, पंक्चर काढणारे रशीदभाई, आणि पंक्चर काढत असल्यासारखा दिसणारा मी. त्या पंक्चरनं चांगले दोन तास खाल्ले. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि आईच्या पोटात आदल्या दुपारपासून अन्नाचा कण नव्हता.

आणि समोर ते आदिनाथ! अख्खा डोंगरच उभा राहून ध्यानाला लागलेला. आई पायांशी गेली, हात जोडले आणि रडली. मलाही भरून आलं. पण हातात कॅमेरा असला की माणसाला भरून आलेलं फार टिकत नाही.

दर्शन झाल्यावर बाबांनी भोजनशाळेतून गरम वरण-भात आणला. खालच्या मैदानात, जिथून मूर्ती दिसत होती, तिथे लिंबाच्या झाडाखाली चटई टाकून आई बसली. भातावर तूप पडलं. तिनं पहिला घास घेतला, आणि मला उरलेला एक फोटो आठवला.

"आई, तशीच बस! बाबा, तुमी तिच्या बाजूनं. मागं भगवान."

"जेवू दे ना तिले!" बाबा खेकसले.

"जेवू दे की. मी कुठं उठवून राहिलो?"

कॅमेऱ्यात पाहिलं तर आईबाबा छान, पण मागे भगवंतांचे नुसतेच गुडघे. चार पावलं मागे सरकलो. कंबर आली. आणखी दहा पावलं. छाती आली, तर इकडे बाबांचा मुंगळा झाला.

"बाबा, जरा मोठे दिसा!"

"आता या वयात?"

आईनं दुसरा घास घेतला. मी मागे, मागे, मागे. भगवंतांची हनुवटी आली, नाक आलं. आता फक्त डोकं!

"भाऊ, पीछे टाकं हाये," रशीदभाई जीपजवळून ओरडले.

"रशीदभाई, मधात बोलू नका! डोकं येऊन राहिलं!"

डोकं आलं. मी बटण दाबलं आणि जनावरांसाठी बांधलेल्या पाण्याच्या टाक्यात पाठीवर पडलो. पडताना कॅमेरा तेवढा वर धरला आणि मराठी माणूस पडल्यावर जे ओरडतो ते ओरडलो, "आई गं!"

पाण्यातून डोकं वर काढलं तर आई टाक्याच्या काठावर! भाताचा हात तसाच, पदर खांद्यावरून घसरलेला. त्या वयात ती एवढी धावली कशी, हे मला आजही कळलेलं नाही.

"लागलं का रे?"

"नाही."

मागून बाबांचा आवाज आला, अगदी हळू. "अवं... तू उठली."

सगळे ताटाकडे पाहायला लागले. दोन घास कमी झालेला भात वाफा सोडत होता. सूर्य अजून चांगला वर होता, त्याचं काहीच अडलेलं नव्हतं.

रशीदभाईंना सगळ्यांत आधी सुचलं. "काकी, वापस बसून जा ना. कोन पाहून राहिलं?"

आईनं डाव्या हातानं डोंगराकडे बोट दाखवलं. "तेवढे मोठे डोळे कायले हायेत मंग?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीही उद्यापर्यंत जेवणार नाही!" मी टाक्यातूनच गर्जना केली.

"अन् ताटातलं काय टाकून द्यायचं? अजून एक पाप? बाहेर नीघ अन् जेव."

मग मी चिंब कपड्यांनी आईच्या जागेवर बसून आईचा भात जेवू लागलो. भात, सांगायला लाज वाटते, फार चांगला झाला होता. आई समोर बसून मूर्तीकडे बघत होती.

"भगवंतायलेही असंच झालं होतं," ती म्हणाली. "दीक्षा घेतल्यावर गावोगाव फिरले. लोकायनं हत्ती देले, घोडे देले, दागिने देले. जेवाले द्या लागते, हे कोनालेच समजलं नाही. वर्षभर उपाशी!"

"असं कसं? एवढ्या लोकांत एकालाही समजलं नाही?" भरल्या तोंडानं मी विचारलं.

"समजन कसं?" आई शांतपणे म्हणाली. "फोटो काढत असतीन."

मी इतका शरमलो की पुन्हा भात मागायची माझी हिंमत झाली नाही. रशीदभाईंनी आपणहून आणून वाढला. तोही खाल्ला.