निळ्या उजेडाची घाई

माहेरी तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या तोंडून हे नाव सासऱ्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते लगेच उचललं. सूनबाई वगैरे ते कधी म्हणालेच नाहीत. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. ही बाई जेवतानाही पाय हलवायची आणि बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्या आधी संपवून टाकायची.

फक्त कामावर ती एका जागी बसलेली दिसे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती कारागीर होती. मेणात एकेक दात बसवायचा, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवायचा, वरचे दात खालच्यांवर नीट टेकतात का ते पाहायचं. हातांना असं बारीक काम मिळालं की तिचं डोकं शांत व्हायचं. पण मालकाने कवळ्या कोरणारं यंत्र आणलं आणि तिला अर्ध्या दिवसावर आणलं. दुपारी घरी येऊन करायचं काय, हे तिला कळेना. तिने न गळणारे नळ दुरुस्त केले. चांगला चालणारा मिक्सर उघडला आणि पुन्हा बंद केला.

नवरा रुग्णवाहिका चालवायचा. दमून घरी आला की विचारायचा, "आज काय काय खोललंस? मी झोपतोय तो पलंग तरी धड आहे ना?"

सासरे अगदी उलट्या स्वभावाचे. आयुष्यभर त्यांनी दुकानांतले वजनकाटे तपासले होते. काटा स्थिर होईपर्यंत थांबणं हीच त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली आणि तिच्यात प्रवाळ वाढवले. मीठ मोजून पाणी करायचं, ते चाखल्यासारखं तपासायचं, मग खुर्ची टाकून बघत बसायचं. टाकीच्या मधोमध त्यांचा लाडका प्रवाळ होता. त्याच्या लुसलुशीत बोंडांची टोकं हातोडीसारखी असत, म्हणून ते त्याला हातोडीच म्हणत. आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता, आता त्याचा फुलकोबीएवढा गड्डा झाला होता.

भिंगरी त्या टाकीसमोर कधी दोन मिनिटंही बसली नव्हती. "बाबा, हे हलत नाहीत, बोलत नाहीत. तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

"हलतात की," ते म्हणत. "तू उभी राहा जरा."

एका सकाळी टाकीवरचा दिवा फट् आवाज करून बंद पडला. जळका वास सुटला. प्रवाळांना सूर्यासारखा, पण निळसर उजेड लागतो. त्यावरच ते जगतात. तो दिवा बनवणाऱ्यांनी ती जात केव्हाच बंद केली होती, आणि नव्या दिव्याची किंमत ऐकून नवऱ्याने फोन उलटा करून ठेवला.

"मी करते," भिंगरी म्हणाली.

"काय करतेस?"

"दिवा. एलईडीचा. त्यात काय आहे? दिवे, तारा आणि डाग देणं. मी तर माणसांचे जबडे बसवते."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आशा आणि धास्ती दिसली.

ती कामाला लागली. खिडक्या बनवणाऱ्याकडून तिने ॲल्युमिनियमची पन्हळीदार पट्टी कापून आणली. दिव्यांची उष्णता त्या पट्टीने ओढून घ्यायची होती. दुकानांच्या पाट्यांना दिवे लावणाऱ्या एका कारागिराकडून निळे आणि पांढरे एलईडी मिळवले. विजेचा प्रवाह बेताने सोडणारा डबाही त्याच्याकडेच होता.

"उजेड कमीजास्त करता येईल असा डबा हवा असेल तर पुढच्या आठवड्यात येईल," तो म्हणाला.

"आहे तो द्या."

"ताई, थांबलात तर बरं पडेल."

"मला थांबणं जमत नाही हो," ती म्हणाली आणि डबा पिशवीत टाकला.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तिने मांडामांड केली. पट्टीवर उष्णता वाहून नेणारा लेप लावून एकेक एलईडी घट्ट बसवला, डाग देऊन तारा जोडल्या. डाग देताना जळणाऱ्या राळेच्या वासाने घर भरलं. बटण दाबलं तर सगळं ढिम्म. तिने तारा ओढून पाहिल्या, डब्याला चापट मारली, खोलीभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी सासऱ्यांनी चष्मा नाकावर सरकवून ओळ तपासली.

"हा एक उलटा बसलाय का गं?"

खरंच एक एलईडी उलटा होता. त्या एकट्यापायी आख्खी रांग रुसून बसली होती. तो सुलटा केला आणि घर निळंपांढरं उजळून निघालं. भिंगरी टाळ्या पिटत नाचली. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून तिने खाली ॲक्रिलिकची काच घासून बसवली. कवळ्यांमुळे ॲक्रिलिकचं काम तिच्या हातात बसलेलं होतं. मग साखळीने दिवा टाकीवर टांगला.

सासऱ्यांनी डोळ्यांवर हात धरला. "सुरेख झालाय. पण दिपतंय. जरा कमी होईल का?"

"कमी कशाला, बाबा? इतके दिवस मिणमिणत्या उजेडात होते बिचारे. आता खाऊ दे की पोटभर!"

दोन-तीन दिवसांतच हातोडीची बोंडं आत ओढली गेली. मग तिचा तपकिरी-हिरवा रंग उतरू लागला आणि ती हाडासारखी पांढरी पडली. शोभेचे मासे विकणारा दुकानदार सासऱ्यांचा जुना मित्र होता. तो येऊन बघून गेला.

"सूनबाई, यांच्या मांसात बारीक शेवाळ राहतं. तेच यांना जेवू घालतं," तो म्हणाला. "एकदम इतका उजेड आला की तेच विष होतं आणि हे त्याला बाहेर हाकलतात. मग उपाशी मरतात. उजेड थोडा थोडा वाढवायचा असतो. डबा बदला आणि तोवर उजेड अडवायला जाळी टाका वर."

भिंगरीने वर जाळी टाकली आणि नव्या डब्यासाठी पाट्यावाल्याला फोन केला. एवढं झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच तिला सोसेना. ती टाकीपाशी जाऊन उभी राही, परत फिरे, पुन्हा जाई. सासऱ्यांनी आपली खुर्ची उचलून गॅलरीत नेली होती. ते रस्त्याकडे बघत बसत. जेवायला बोलावलं की "आलो" म्हणत आणि गुपचूप जेवून उठत.

एका दुपारी ती गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बोला ना काहीतरी, बाबा. शिव्या द्या हवं तर."

"काय बोलू?" ते रस्त्याकडेच बघत म्हणाले. "तुझ्याशी बोलणं अवघड आहे गं. माझं वाक्य पुरं होईपर्यंत तू पुढच्या खोलीत गेलेली असतेस. मी कमी कर म्हटलं होतं."

तिला चपराक बसल्यासारखं झालं. काहीतरी उत्तर द्यावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"कारखान्यात आता अर्धा दिवसही राहणार नाही. हाताने काम करणारे नकोत म्हणाले. यंत्रावर बसायचं तर शिकून घ्या, नाहीतर नमस्कार. मी घरी सांगितलं नाही. ह्यांनाही नाही."

सासऱ्यांनी मान वळवली. "कधीपासून?"

"यंत्र आलं तेव्हापासून कळत होतं मला. हात रिकामे राहिले की छातीत धडधडतं. म्हणून काहीतरी खोलत बसते."

त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. ती, आश्चर्य म्हणजे, जागची हलली नाही.

"शिकणार आहेस?"

"माहीत नाही."

"बरं. विचार कर." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "तोवर टाकीवरची जाळी काढ. मेलेल्या फांद्या कापायला हव्यात, नाहीतर सडून टाकीतलं पाणीही खराब करतील. तुझी ती दात कापायची चकती आहे ना?"

तिने कवळ्या कापायची हिऱ्याची चकती आणली. सासऱ्यांनी हातोडी उथळ पाण्याच्या घमेल्यात धरली आणि कुठे कापायचं ते बोटाने दाखवलं. जरा जरी हात सरकला असता तरी जिवंत मांस फाटलं असतं. भिंगरी ओठ चावून कापत होती. चकतीखाली चुन्यासारखी पूड उडत होती. त्या गड्ड्यातल्या दोनच फांद्यांच्या टोकांना अजून रंगाचा थोडा अंश होता. त्या तेवढ्या त्यांनी वेगळ्या करून दगडावर चिकटवल्या.

"हात बरा आहे तुझा," सासरे म्हणाले. एवढंच म्हणाले.

नवा डबा आला. त्याला उजेड वाढवायचं गोल बटण होतं. सासऱ्यांनी ताकीद दिली, "याला मी सोडून कुणी हात लावायचा नाही." ते रोज सकाळी बटण जरासं फिरवत, इतकं जरासं की तिला काहीच फरक दिसत नसे. "एवढंच?" ती विचारी. "एवढंच." कधीकधी फिरवतही नसत. ती चडफडत चपला घालून बाहेर पडायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची आणि थेट टाकीपाशी वाकायची.

त्या वाकण्या-बघण्यात एका संध्याकाळी तिला एका फांदीतून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. टाचणीच्या डोक्याएवढं, पारदर्शक, पाण्यासोबत डुलणारं.

"बाबा! आलं! एक बोंड आलं!"

सासरे गॅलरीतून धावत आले. भिंगरीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना असं धावताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. दोघांनी नाक काचेला लावलं.

दोनातली एक फांदी जगली, दुसरी काही दिवसांनी गेली. सासऱ्यांनी दुसरीबद्दल भिंगरीला एका शब्दाने दुखवलं नाही. मात्र ती फांदी फेकलीही नाही. धुऊन, वाळवून कपाटात ठेवली. ते कपाट उघडताना भिंगरी अजूनही तिकडे न बघता हवं ते काढून घेते.

नवऱ्याला कारखान्याचं कळलं तेव्हा तो आधी चिडला, मग म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर मी एवढी थट्टा केली नसती."

ती यंत्र शिकली. आता पडद्यावर दात फिरवते आणि कोरणं यंत्र करतं. ते काम तिला आवडत नाही आणि ती तसं कुणालाही स्पष्ट सांगते. शेजारी बसणाऱ्या बाईची तक्रार असते की हिच्या पायामुळे सगळं टेबल थरथरतं. शनिवार-रविवार ती शोभेच्या माशांच्या त्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकांसाठी दिवे बनवते. एकाचं काम चाललंय, दुसरा वाट पाहतोय. ओट्यावर तारा पसरलेल्या असतात आणि नवरा कुठेतरी एक कोपरा मोकळा करून चहा ठेवतो.