कुठल्या दिशेला?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सर मूळचे बेळगावचे. कॉलेजातलं फिजिक्स शिकवणं संपलं, ते बेंगळुरूला मुलाकडे आले, पण वर्ग काही सुटला नाही. रिंग रोडवर गाडी ऐंशीनं मारली असं मी फुशारकीनं सांगितलं, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ही नुसती चाल झाली की ओ. वेग सांगायचा तर दिशा पण सांगावी लागते. कुठल्या दिशेला?" चिकपेटेच्या बाजारात वनवेपायी गोल गोल फिरवणाऱ्या ऑटोवाल्यालाही ते सोडत नाहीत. "अण्णा, चाल भरपूर आहे, वेग पण स्वल्प, म्हणजे जरासा, दाखवा की."

गेल्या रविवारी सकाळी त्यांच्या दारातून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "चटणीत मीठ जास्त झालं, त्यावर एवढं लेक्चर? मी चालले!" आणि पिशवी घेऊन त्या तरातरा जिना उतरून गेल्या.

थोड्या वेळानं मी गेटवर उभा होतो, तर सर लुंगी सावरत धावत आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात अक्कांची.

संधी साधून मी विचारलं, "सर, कुठल्या दिशेला?"

"यशवंतपूर स्टेशन! ती बेळगावच्या गाडीत बसणार!" असं ओरडून ते दिसेनासे झाले.

मी वळलो, तर समोरच्या हॉटेलच्या दारात अक्का आरामात कॉफी पीत उभ्या.

"चाल बघितली का, या वयात?" त्या कौतुकानं म्हणाल्या. "मी कुठं चालले, तेवढं विचारायचं मात्र आज राहून गेलं बघा."