हिराओकाबाईंची बरणी

जपानमधल्या कोकुरा शहरातल्या आमच्या गल्लीत हिराओकाबाई दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक म्हणजे त्यांची शंभर वर्षांची बरणी, आणि दुसरी, शहात्तराव्या वर्षी जडलेलं एका गाणाऱ्या पोराचं वेड.

बरणीत सोनंनाणं नाही, तांदळाचा आंबवलेला कोंडा आहे. रात्री त्यात काकडी पुरायची, सकाळी धुऊन भाताबरोबर खायची. पण तो कोंडा रोज तळापासून हाताने ढवळावा लागतो, उन्हाळ्यात दोनदा, नाहीतर नासतो. सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेली ही बरणी. तिच्यापायी बाई लेकीच्या बाळंतपणालाही एका रात्रीवर राहिल्या नाहीत. अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहते. इतकं नेमाने वागणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

तो पोरगा म्हणजे रेओ. वय तेवीस, केस जांभळे, पाच जणांच्या टोळक्यात नाचतो. बाईंनी त्याचा फोटो दिवंगत नवऱ्याच्या फोटोला खेटून ठेवलाय.

"काका रागावतील हं," मी एकदा चिडवलं.

"रागावू देत. चाळीस वर्षं जेवताना 'हं' सोडून शब्द काढला नाही यांनी. हा गातो तरी."

रेओच्या कार्यक्रमाची तिकिटं सोडतीने मिळतात. सात वेळा बाईंचा नंबर हुकला. आठव्यांदा लागला तो लांबच्या नागोयाचा, ऐन ऑगस्टमध्ये, दोन दिवसांचे दोन कार्यक्रम. आनंदाने उड्या मारायच्या सोडून बाई सुतकी चेहऱ्याने माझ्या दारात उभ्या.

"परत करते तिकीट. बरणीचं कोण बघणार?"

"मी बघते की."

"सासूबाई म्हणायच्या, परका हात लागला की चव जाते."

"म्हणजे अठरा वर्षांनी मी परकीच का?"

बाईंनी तिकीट परत केलं नाही. गुरुवारी सकाळी बरणी माझ्या ओट्यावर ठेवून, तिला वाकून नमस्कार करून त्या गाडीला गेल्या. रविवारी परतणार होत्या.

गुरुवारी मी दोन्ही वेळा मन लावून ढवळलं. शुक्रवारी विसरले. कारण सांगण्यासारखंही नाही. ऑफिसातून आले, एसी लावला आणि आडवी झाले. शनिवारी संध्याकाळी झाकण उघडलं तर वर पांढरी साय धरलेली आणि वास रंगाच्या डब्यासारखा. तीन पिढ्यांचं जपलेलं मी दोन दिवसांत घालवलं होतं, तेही मोठ्या तोऱ्यात मागून घेऊन. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी बाई आल्या त्या रेओचं तोंड छापलेला टी-शर्ट घालून, हातात मिठाईचा खोका, घसा बसलेला. मी काही लपवलं नाही. शुक्रवारचं सगळं सांगितलं आणि रडायलाच लागले.

बाईंनी हात धुतले, साय खरवडून टाकली, कोपरापर्यंत हात घातला. बोट चाटलं.

"मोहरीची पूड आहे? फोडण्या घालणाऱ्या तुझ्या घरात नसायला काय झालं. आण. आणि मीठ."

"वाचेल?"

"हे वाचेल. माझ्या हातून गेलं होतं ते नव्हतं वाचलं."

बाई ढवळता ढवळता बोलत होत्या, मान वर न करता.

"लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. सासूबाई आठवडाभर गावाला गेल्या होत्या. अळ्या पडल्या गं. सगळं पुरून टाकलं, आणि माहेरी जाऊन आईच्या बरणीतलं बादलीभर घेऊन आले."

"सासूबाईंना कळलं नाही?"

"आल्या, काकडी खाल्ली, म्हणाल्या, 'आत्ता कुठे आमच्या घराण्याची चव आली हो तुझ्या हाताला.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चव माझ्या आईच्या हाताची होती. वाकून आभार मानले, आणि रडू दिसायला नको म्हणून कांदे चिरायला घेतले."