बेचाळीस छातीच्या कोटातलं पुस्तक

आमच्या आत्याने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि छापायला देण्याआधी ते एका परक्या माणसाच्या कोटात शिवून टाकलं. मी हे कोणाला सांगायला लागले की आत्या मध्येच अडवते. म्हणते, तो कोट नऊ वर्षं कोणी न्यायला आलेलं नव्हतं, हे आधी सांग, नाहीतर लोक मला वेडी समजतील. लोक तिला तरीही वेडीच समजतात, पण तिच्या समाधानासाठी आधीपासून सांगते.

आत्या पुरुषांचे कोट शिवते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये कापायचं टेबल, भिंतीशी दोन मशिनं आणि कोपऱ्यात तीन पाखांचा आरसा. काउंटरवर आतोबा बसतात. ते पावत्या बघून तयार कपडे देतात, इस्त्री फिरवतात आणि गिऱ्हाइकाला खूश करून पाठवतात. यापलीकडे दुकानात त्यांना काही विचारायचं नाही आणि त्यांनी काही सांगायचं नाही, असा तीस वर्षांचा तह आहे.

आत्याचे दोन नियम आहेत. पहिला म्हणजे पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, कापड आणि मापं. नाव कोणीही काहीही सांगतो, छाती खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे घरात बोलतानाही तिची माणसं मापांनीच येतात. परवा चौतीस कंबर आली होती, मुलगी परदेशी चाललीय म्हणाली. दुसरा नियम दारावरच्या पाटीवर रंगवलेला आहे: 'पावती आणा, कपडा न्या. मुदत नाही.' बाकीची दुकानं महिन्याभरानंतर हात वर करतात, आपण तसले नाही, हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवते.

आता पुस्तक. माप देताना माणूस हात वर करून उभा राहतो, टेप गळ्याभोवती आला की का कोण जाणे, खरं बोलायला लागतो. तीस वर्षं आत्या तोंडात टाचण्या धरून ऐकत आली. टाचण्यांमुळे तिला मध्ये बोलता येत नव्हतं, म्हणून ते बोलत राहिले. मग एके दिवशी तिने मापं काढायच्या पातळ कागदावर पेन्सिलीने पहिलं वाक्य लिहिलं. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं, आतोबा आत घोरत असायचे आणि ही टेबलावर उताणी पसरलेली बाही बाजूला सारून लिहायची. तीन वर्षांत एकशे त्रेसष्ट कागद झाले. पुस्तकाचं नाव ठेवलं 'उंची, छाती, खांदा'. मला वाचून दाखवायला सुरुवात केली तेव्हा मी पहिल्याच प्रकरणाला इतकी हसले की खुर्चीवरून घसरले. दुसऱ्याला रडले. तिसरं तिने ऐकवलंच नाही, म्हणाली, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, तू बाहेर बोलशील.

घोळ केला तो त्या चौतीस कंबरेने. हे गृहस्थ वकील. आत्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, समजा कोणी पुस्तक लिहिलं तर छापायच्या आधी ते चोरीला जाऊ शकतं का. वकिलाने नीट सांगितलं की जाऊ शकतं, पण घाबरायचं कारण नाही, लिहिलं त्याचंच ते असतं, फक्त एक प्रत काढून ठेवा, पानांवर नंबर आणि तारीख घाला, आणि एखाद्या भरवशाच्या माणसाला वाचायला द्या म्हणजे साक्षीदार राहतो. इतका सोन्यासारखा सल्ला. आत्याने त्यातला 'चोरीला जाऊ शकतं' एवढाच भाग घरी आणला.

प्रत काढायची तर झेरॉक्सवाल्याकडे जावं लागणार, आणि तो मशीन चालू असताना लोकांचे कागद वाचतो हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. नंबर घालायचा तर कागद बाहेर काढावे लागणार. साक्षीदार म्हणजे आणखी एक तोंड. तेव्हा तिने लपवायचं ठरवलं. आधी पिठाच्या डब्यात, पण कागदांना पीठ लागलं. मग गादीखाली, पण आतोबा म्हणाले गादी कुरकुरते, उंदीर झाला की काय, आणि पिंजरा घेऊन आले. मग मशीनच्या खणात. तिथे तर आतोबा सुई शोधायला रोज हात घालतात. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तेवढ्यात तिची नजर रॅकच्या शेवटच्या टोकाला गेली.

तिथे एक तपकिरी लोकरीचा कोट नऊ वर्षं लटकत होता. छाती बेचाळीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. शिवून तयार झाला आणि माणूस आलाच नाही. आत्याने त्याचं अस्तर उसवलं आणि पुस्तक आत पसरून बसवलं. सुरुवातीची प्रकरणं डाव्या छातीवर, लग्नाचे कोट पाठीत, भांडणं उजव्या बाहीत, आणि वर हातशिलाईने अशी काही शिवण घातली की स्वतःलाही कुठे उसवलं ते दिसेना. आपल्या अकलेवर ती इतकी खूश झाली की आठवडाभर गुणगुणत होती. आतोबांना ताकास तूर लागू दिली नाही. मलाही नाही.

लपवण्याआधीच तिने नमुना म्हणून चार पानं हाताने उतरवून एका छोट्या प्रकाशकाला पाठवली होती. शनिवारी त्याचा फोन आला. चार पानं ऑफिसात सगळ्यांनी वाचली, सोमवारी अकरा वाजता पूर्ण हस्तलिखित घेऊन या, मी त्या रात्री बाहेरगावी जातोय, गाडीत वाचतो. आत्याने फोन ठेवला आणि छप्पन्नाव्या वर्षी दुकानात एक गिरकी घेतली. टाचण्यांची डबी सांडली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी तेव्हा तिथेच होते, माझा हात धरून तिने मलाही फिरवलं. मग छोटी कात्री घेऊन रॅकपाशी गेली.

हँगर रिकामा होता.

आतोबा काउंटरवरून कौतुकाने म्हणाले, "अगं, तो आला होता सकाळी. पावती पार पिवळी पडलेली, पण आपलीच. मी म्हटलं, बघा, आमच्याकडे मुदत नाही. वर इस्त्रीही फिरवून दिली. जरा कुरकुर वाजत होता कोट, म्हटलं नवा आहे, वापरला की बसेल."

आत्या खाली टाचण्यांतच बसली. मग तिने आम्हाला सगळं सांगितलं, डब्यापासून अस्तरापर्यंत. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणही तिनेच रंगवलेलं. मी चिडून विचारलं, त्याचं नाव काय, पत्ता काय. विचारल्यावर माझं मलाच कळलं की किती मूर्ख प्रश्न आहे. पावतीच्या आमच्या भागावर लिहिलं होतं: तपकिरी लोकर, बेचाळीस, डावा अर्धा खाली.

रविवारी आम्ही तिघं शहरभर एक खांदा शोधत हिंडलो. आत्या आणि मी बसस्टॉपवर उभ्या राहिलो. ती येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांच्या पाठी बघून पुटपुटत होती, चाळीस, अडतीस, हा चव्वेचाळीस पण उजवा खाली. आतोबांना बागेत पाठवलं, सकाळी फिरायला येणारे बघायला. त्यांनी खिशात टेप नेला होता, एकाने विचारलं तर त्याला ते खरंच मोजू लागले आणि नवी ऑर्डर घेऊन आले. भाजीबाजारात आत्याला एक बेचाळीस दिसला. ती मागून धावत गेली आणि तिने त्याच्या खांद्यावर हातच ठेवला. तो वळला. खांदे दोन्ही सरळ. आत्या म्हणाली, कॉलर दुमडली होती तुमची, आणि नीट असलेली कॉलर नीट करून दिली. त्या माणसाची बायको आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती आठवून मी अजून हसते. तेव्हा मात्र आत्या फुटपाथवर बसून रडायला लागली, आणि हसतही होती. एकशे त्रेसष्ट कागद, तीन वर्षं, आणि दुसरी प्रत नाही.

"आणखी एक आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याच्यावर एक प्रकरण आहे त्यात. तो का आला नाही त्याचं. मी त्याला मारलंय."

मला कळेना. मग तिने सांगितलं. नऊ वर्षं तो कोट बघून बघून तिने ठरवून टाकलं होतं की माणूस गेला. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण त्याच्या मरणाचं होतं. आजारपण, दवाखाना, कोट आणायला जायचं राहिलं म्हणून त्याचं कासावीस होणं, सगळं. तिच्या मते तेच सगळ्यात चांगलं उतरलं होतं. आणि आता तो माणूस स्वतःचं मरण अंगावर घेऊन गावभर फिरत होता.

सोमवारी साडेनऊला दुकान उघडलं. आत्या समोर कोरा कागद घेऊन बसली होती. आठवेल तेवढं लिहून नेते म्हणाली, पण पहिल्या पानापुढे गाडी सरकेना. तेवढ्यात काउंटरवर सावली पडली. आत्याने मान वर केली ती चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं.

माणूस गोल झाला होता. कोट हातावर टाकलेला. दुसऱ्या हातात फीत बांधलेली फाइल. ते रेकॉर्ड खात्यात कारकून होते, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं, जणू त्यातच पुढचं सगळं आलं. आणि खरंच आलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांची पावती हरवली. पाटीवर लिहिलेलं, पावती आणा, कपडा न्या. आयुष्यभर आपण लोकांना पावतीशिवाय परत पाठवत आलो, आता कोणत्या तोंडाने कोट मागणार, म्हणून ते या रस्त्यानेच यायचे बंद झाले. गेल्या आठवड्यात कपाट हलवलं तेव्हा मागे पावती सापडली. आतोबांनी कपाळाला हात लावला. नऊ वर्षं एक कोट आणि एक माणूस एका पाटीपायी एकमेकांना मुकले होते.

घरी कोट घालून बघितला तर पोटावर बटणं लागेनात. आत किती कापड सोडलंय ते बघायला त्यांनी अस्तर थोडं उसवलं, आणि आतून भांडणं बाहेर आली. पुढचं त्यांनी खात्याच्या शिस्तीने केलं. सगळे कागद काढले, क्रम लावला, प्रत्येकाच्या कोपऱ्यात नंबर, तारीख आणि छोटी सही घातली.

आत्याने फाइलला हात लावला नाही. घसा साफ करून तिने विचारलं, "नक्कल काढलीत का?"

"बाई, मालकाच्या अर्जाशिवाय आम्ही नक्कल देत नाही," ते दुखावल्यासारखे म्हणाले. "वाचलं मात्र. क्रम लावायचा तर वाचावंच लागतं."

"सगळं?"

"एकशे त्रेसष्टपर्यंत."

म्हणजे शेवटच्या प्रकरणापर्यंत. आत्या उभीच्या उभी लाल झाली. तिने माफी मागायला तोंड उघडलं, ते प्रकरण काढून टाकते म्हणाली. ते गृहस्थ एकदम घाईघाईने नको म्हणाले. घरात मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणाले. बायको रडली. ज्या दवाखान्यात मी कधी गेलोच नाही तिथली नर्ससुद्धा तिला आवडली. मी मेलो तर इतकं कोणाला वाईट वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.

मग त्यांनी फाइल काउंटरवरून आत्याकडे सरकवली. "कोणी हे पुस्तक माझं म्हणून उभं राहिलं तर मला बोलवा. प्रत्येक पानावर माझी सही आहे. त्यात मेलेला माणूस साक्षीला आला तर कोर्टाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

नक्कल सोडली तर वकिलाने सांगितलेलं सगळं झालं होतं. नंबर पडले होते, तारीख पडली होती, साक्षीदार मिळाला होता. आत्याने हे तिन्ही टाळण्यासाठीच जिवाचा आटापिटा केला होता. आम्ही हसायला लागलो, आधी आतोबा, मग मी, मग ते गृहस्थ, त्यांचं पोट हलायला लागलं. फक्त आत्या हसत नव्हती. ती फाइल छातीशी धरून उभी होती, आणि तिला एकच विचारायचं होतं, ते मला दिसत होतं. शेवटी तिने विचारलं.

"बाकीचं कसं वाटलं?"

त्यांनी हातावरचा कोट काउंटरवर ठेवला. "उजवी बाही दोनदा वाचली," म्हणाले.

मग आत्या हसली, इतकी की तिला टेबलाला धरावं लागलं. घड्याळात दहा वाजून गेले होते. मी म्हटलं, चल आता, प्रकाशक वाट बघतोय, आणि वाटेत झेरॉक्स काढायची. ती म्हणाली काढू, त्याला वाचायचं तर वाचू दे. पण आधी तिने टेप काढला, त्या माणसाला हात वर करायला लावले आणि छाती-पोट मोजलं. छाती आता सेहेचाळीस. डावा खांदा होता तिथेच. कोट सैल करायला घेतला आणि पावतीचं पुस्तक पुढे ओढलं. नंबर लिहिला, तपकिरी लोकर लिहिलं, मापं लिहिली. मग पेन्सिल थांबली.

"नाव काय तुमचं?" आत्याने विचारलं.

आतोबांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. त्या माणसाने नाव सांगितलं, आणि आत्याने ते पूर्ण लिहून घेतलं, वडिलांच्या नावासकट.