मास्तरांची वरची मूठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, पापनिवेदनाच्या जाळीआड फादरांनासुद्धा नाही: जानेफळजवळच्या आमच्या लहानशा चर्चमधल्या मारियामातेचा उजवा हात मी मोडला. तो मास्तरांनी मोडला असं सगळे समजतात. आणि कृपेच्या बाबतीत मास्तरांइतका हट्टी माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षक. फादर महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे सगळे दिवस देव मास्तरांच्या ताब्यात. 'नमो मारिये, कृपापूर्णे' कुणी घाईनं उरकू लागलं की हात वर करून थांबवायचे. "यष्टी पकडाची हाय काय बे?" की पुन्हा पहिल्यापासून. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना इतकी लांबायची की भाकरी वातड व्हायची; मग त्या वातड भाकरीबद्दल वेगळे आभार. मी पहिल्यापासून नियमाचा माणूस. उपवास, जपमाळ, सगळं वेळेवर. एकदा हे त्यांना जरा अभिमानानं ऐकवलं, तर म्हणाले, "काम करून भेटते ते मजुरी. न करता भेटते ते कृपा. तू मजुरीवाला मानूस हायेस, बाप्पा."

त्यांची गवारीची वाडी होती. आठवडी बाजारात जो भावावरून त्यांना वाट्टेल ते बोलायचा, त्याच्या पिशवीत तोलून झाल्यावर वरून एक मूठ शेंगा पडायच्या. सभ्य गिऱ्हाइकाला काटा बरोबर. मास्तरीणबाई चिडायच्या, "चांगल्या मानसायले मापानं, अन् भांडखोरायले वरून! काय डोकं हाय हो तुमचं!"

"चांगल्यायले गरज काय तिची?" मास्तर म्हणायचे.

मला अर्थातच वर्षानुवर्षं काटेकोर अर्धा किलो.

मारियामातेच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर चढून पुतळा पुसत होतो. फडकं अडकलं आणि मनगटापासून हात खाली आला. मी शिक्षक, शाळेतला पांढरा गोंद आणला, हात चिकटवला आणि घरी जाऊन जपमाळ म्हटली. मास्तरांना प्रार्थनेच्या वेळी मारियेचा हात धरून ठेवायची सवय होती, दवाखान्यात नातेवाईक धरतात तसा. सकाळी भरल्या चर्चमध्ये त्यांनी तो धरला, 'कृपापूर्णे' म्हटलं, आणि हात त्यांच्या हातात आला.

ते तळहातावरच्या, सांध्यात रात्रभर ओल्याच राहिलेल्या गोंदाकडे बघत राहिले. मग माझ्या नखांकडे, जिथं तोच गोंद वाळला होता.

"माह्याच्यानं झालं," ते सगळ्यांना म्हणाले.

चर्चच्या समितीनं त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली आणि माझ्याकडे दिली. मी जबाबदार माणूस ना! पुढची वीस वर्षं मास्तर पुतळ्यापासून चार हात लांब, शेवटच्या बाकावर बसले.

सणानंतरच्या बाजारात त्यांनी माझी गवार तोलली आणि वरून एक मूठ टाकली.

"मास्तर, मी कुठं भांडलो?"

"तुले गरज हाय," ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यानंतर ती मूठ एकाही आठवड्यात चुकली नाही. मीही कधी नको म्हटलं नाही आणि कधी बोललोही नाही.

यंदा मास्तर गेले. अंत्यविधीच्या मिस्सेत फादरांनी मायेनं त्या हाताची आठवण काढली. लोक रडता रडता हसले. मीही हसलो.

किल्ली अजून माझ्याच खिशात आहे. येत्या सणाला, भरल्या चर्चमध्ये उभं राहून, हात मी मोडला हे मला सांगायचं आहे. तेवढं मास्तरांचं देणं राहिलं आहे.