खुळखुळणारा तुकडा

कारखान्यातले लोक त्यांना तोंडावर ‘फोरमनसाहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘करकच’. ढिली दिसलेली वस्तू करकचून आवळल्याशिवाय ह्या गृहस्थांना घास गिळवत नसे. खिडकीची बिजागरी, खुर्चीचा पाय, शेजाऱ्याच्या सायकलची घंटा, काहीही. घरच्या न्हाणीघरातला नळ तर ते असा बंद करत, की तो उघडायला बायकोला त्यांचाच पाना पिशवीतून काढून आणावा लागे.

‘ढिला’ ही त्यांच्या कोशातली सर्वांत घाण शिवी. साहेब ढिले, हाताखालचे कामगार ढिले, हल्लीची पोरं तर विचारूच नका. पृथ्वीचा आस कललेला आहे असं शाळेत शिकल्यापासून त्यांचं पृथ्वीबद्दलही फारसं बरं मत नव्हतं. कुणीतरी बसवताना आळस केला, दुसरं काय!

आणि ह्या सगळ्या ढिलेपणाचा मुकुटमणी म्हणजे त्यांचा मेहुणा. बायकोचा एकुलता एक भाऊ, म्हणून घराबाहेर काढता येत नव्हता. त्याच कारखान्यात आराखडे काढायला होता, म्हणून कामावरही टाळता येत नव्हता. तो खुर्चीत बसत नसे, सांडत असे. चहा पिताना कपाकडे मान नेई, कारण हात उचलण्यापेक्षा ते सोपं. फोरमनसाहेबांच्या मते अशा माणसाला मणके देऊन देवाने मालाची नासाडी केली होती.

कारखान्यात एक लांबलचक पोलादी यंत्र तयार होत होतं. सगळे त्याला सोंड म्हणत. ही सोंड तारेला बांधून जमिनीत खोदलेल्या अरुंद, खोल विंधन विहिरीत सोडायची. तिच्या एका टोकाला आवाज करणारी चकती, दुसऱ्या टोकाला तो ऐकणारे कान. आवाज खडकात शिरतो, खडकातून धावत कानांपाशी येतो. त्याला किती वेळ लागला त्यावरून खडक घट्ट आहे की सच्छिद्र, ते कळतं. एवढंच काम. पण पोलाद हा मोठा चोंबडा धातू. खडकाचा निरोप वाटेत असतानाच सोंडेच्या अंगातून आवाज सरळ धावत सुटे आणि कानांशी आधी पोचून बडबड सुरू करी. मग चिखल असो की कातळ, कागदावर वरपासून खालपर्यंत तीच एक सरळ रेघ. पाहुण्याला काही विचारावं आणि यजमानानेच उत्तर देत सुटावं, तसला प्रकार.

ही बडबड अडवायला मेहुण्याने चकती आणि कान ह्यांच्या मध्ये बसवायचा एक तुकडा आखला होता. पोलादाच्या कड्या, प्रत्येक दोन कड्यांमध्ये रबर, आणि सगळं मुद्दाम सैल. हातात घेतला तर खुळखुळ वाजे.

“आवाज ह्याच्यात शिरला की दमतो, भाऊजी,” मेहुणा म्हणाला होता. “कडीतून रबरात, रबरातून कडीत. कानांपर्यंत पोचायचा उत्साहच राहत नाही.”

“तुझ्यासारखा.”

“हो ना. फक्त तुकडा आवळू नका. खुळखुळू द्या.”

“खुळखुळा पाळण्यावर बांधतात,” फोरमनसाहेब म्हणाले, “विहिरीत सोडत नाहीत.”

आणि दर चाचणीच्या आधी, मेहुणा जीपमध्ये घोरत असताना, ते गुपचूप पाना काढून त्या तुकड्याचे सगळे बोल्ट अस्से आवळत, की रबराचा चेंदामेंदा होई आणि कडीला कडी भिडे. सोंड बडबडली की त्यांना वाटे, अजून ढिलीच आहे. पुढच्या वेळी आणखी आवळत. ती आणखी बडबडे. स्वतःच्या अक्कलहुशारीवर इतका अढळ विश्वास फक्त गाढवाचा असतो, आणि गाढवाच्या हातात निदान पाना नसतो.

शेवटी कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना निर्वाणीचं सांगितलं, “ही शेवटची चाचणी. जमलं नाही, तर सोंड भंगारात आणि तुम्ही भांडारात.”

भांडार म्हणजे खिडकीमागे बसून लोकांना हात पुसायच्या चिंध्या वाटायच्या. आयुष्यभर घट्ट जगलेल्या माणसाचा शेवट चिंध्यांमध्ये!

चाचणीच्या दिवशी विहिरीपाशी मेहुणा जीपमध्ये पसरला. फोरमनसाहेबांनी इकडेतिकडे पाहून पिशवीत हात घातला. पाना नव्हता. पिशवी उलटी केली. नव्हता. मग डोळ्यांसमोर न्हाणीघर आलं. सकाळी नळ त्यांनी नेहमीपेक्षाही जोरात बंद केला होता.

“माझा घ्या की,” तारेचा रहाट चालवणारा म्हणाला, आणि त्याने मागेपुढे सरकणाऱ्या जबड्याचा स्क्रूपाना पुढे केला.

“ज्याचा स्वतःचाच जबडा हलतो, तो काय दुसऱ्याला आवळणार? ठेव तो.”

“अहो, चालतो तो.”

“तुला चालत असेल.”

तेवढ्यात साहेब ओरडले, “सोडा खाली! मुहूर्त बघताय का?”

सोंड खुळखुळत खाली गेली. फोरमनसाहेब मनातल्या मनात चिंध्यांच्या घड्या घालू लागले.

तार वर येऊ लागली आणि कागद सरकू लागला. सुरुवातीला रेघच उमटेना. सगळं चूप. मग खडकाचा आवाज आला, सावकाश. थोडं वर आणखी सावकाश, तिथे मऊ माती असणार. मग एकदम लवकर, कातळ. रेघ कधी नव्हे ती वळली, वाकली, माणसासारखी बोलू लागली. पहिल्यांदाच सोंडेने तोंड मिटून दुसऱ्याचं ऐकलं होतं.

काय झालं ते फोरमनसाहेबांना लख्ख कळलं. आजवरच्या प्रत्येक चाचणीची माती कुणी केली, तेही.

“शाब्बास!” साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “तुमचा हात, दुसरं काय! उद्या हिला मोठ्या विहिरीवर पाठवू. निघताना नेहमीसारखं सगळं नीट आवळून घ्या.”

नुसती मान डोलावली असती तर काम झालं होतं. शाबासकी खिशात, चूक पोटात. पण उद्या सोंड पुन्हा बडबडली असती.

“आवळायचं नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“मधला तुकडा. मी आवळत होतो, दर वेळी. म्हणून बडबडत होती. आज पाना घरी राहिला.”

जीपमधून मेहुण्याचं डोकं बाहेर आलं.

“म्हणजे माझा तुकडा चालतो, भाऊजी?”

“चालतो कसला? लोळतो!” फोरमनसाहेब कडाडले. “आळशाने आळशासाठी काढलेली वस्तू. तिला कुणी हात लावायचा नाही! जो लावेल त्याची गाठ माझ्याशी. आणि तू खाली उतर, ती नीट बांधून गाडीत ठेव. नीट म्हणजे सैल!”

मेहुणा खरोखर उतरला. जीपचं दार मात्र उघडंच ठेवून. फोरमनसाहेबांनी ते आपटून लावलं.

मग साहेब म्हणाले, “भांडाराचं राहू द्या. पण सोंडेपाशी तुम्ही फक्त पाहायचं. हात खिशात.”

संध्याकाळी बायको दारातच म्हणाली, “अहो, तुमचा पाना इथेच राहिला. अडलं असेल ना दिवसभर?”

“अडायला काय झालंय?” फोरमनसाहेब न्हाणीघरात शिरत म्हणाले. “राहू दे तिथेच. नळाला लागतो.”