गोगलगायीचा डिपर

गाड्यांच्या अड्ड्यावर त्याला सगळे गोगलगाय म्हणत. व्हॅन चालवायचा, पण अशी की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून पुढं निघून जावा. मिशा पांढऱ्या झाल्या, नातवंडं झाली, तरी नाव सुटलं नाही. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. घाई करणारे कितीतरी गडी त्याच्या डोळ्यांदेखत खड्ड्यात गेले होते आणि त्यांना ओढून काढायला दोर घेऊन हाच पोचला होता.

देशात दंगल पेटल्यापासून मात्र त्याच्या चालीला भाव आला. काचा खाली, गाणी बंद. पुढं गर्दी दिसली की लांबच इंजिन बंद करायचं आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर दिसतील असे ठेवायचे. विचारलं तेवढंच सांगायचं, तेही खरं, कारण खोटं पुढच्या नाक्यावर आठवत नाही. तू कुणाच्या बाजूचा असं कुणी दरडावलं तर म्हणायचं, मी डाव्या बाजूचा, रस्त्याच्या.

एवढ्या सावध माणसाला एक खोड होती, डिपर मारायची. समोरून गाडी आली की दिव्यांनी बोलल्याशिवाय त्याला राहवत नसे. एकदा मारला तर रस्ता मोकळा, ये. दोनदा मारला तर पुढं अडचण आहे, थांब. ही ड्रायव्हर लोकांची आपसातली भाषा. तिच्यात खोटं बोलणाऱ्याला अड्ड्यावर कुणी चहाला विचारत नाही.

त्या दिवशी गाडीत एकच सवारी होती, त्याची थोरली बहीण आक्का. आई गेल्यावर तिनंच ह्याचं नाक पुसलं, ह्याला शाळेत कोंबलं आणि शाळेतून पळाला तेव्हा कान धरून गॅरेजात उभा केला. आता तिच्या किडन्या बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. संचारबंदीत मागची पाळी बुडाली होती. पाय टम्म फुगलेले, पाठ टेकली की धाप लागायची. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, आजचीही पाळी बुडाली तर पुढचं मला विचारू नका.

"जरा दाब की रे," आक्का म्हणाली. "तिथं पोचेपर्यंत मशीन म्हातारं होईल."

"दाबलं तर टायर फुटेल. मग ढकलणार कोण, तू?"

"गोगलगाय न् पोटात पाय. लग्नाच्या वेळी बरा पळत आला होतास मुलगी बघायला."

तो हसला नाही. मोठ्या रस्त्यावर बसगाड्या जाळल्या होत्या, म्हणून त्यानं कालव्याकडचा रस्ता धरला होता. इथं फारसं कुणी फिरकत नाही. पण वाटेतल्या टपरीला कुलूप होतं, पंपघराचा पहारेकरी जागेवर नव्हता आणि कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. माणूस नसलेला रस्ता त्याला कधीच आवडला नाही.

व्हॅन पुलाच्या चढावर आली आणि माथ्यावरून पलीकडचं सगळं एकदम दिसलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला चरात माणसं दबा धरून बसली होती. हातात दगड, बाटल्या. एका बाजूला झाडाचा ओंडका होता, त्याला दोर बांधलेला आणि दोराचं दुसरं टोक समोरच्या चरात. वेताच्या दाट बेटामुळं शहराकडून येणाऱ्याला यातलं काही दिसणार नव्हतं. आणि शहराकडून एक ट्रक येत होता.

विचार करायला वेळच मिळाला नाही. हात आपोआप गेला. डिपर दोनदा लकाकला.

ट्रक कचकन थांबला.

चरातून माणसं उठली, दोर ओढून ओंडका रस्त्यात आडवा घेतला आणि थेट व्हॅनवर आली. त्यानं इंजिन बंद केलं, हात चाकावर ठेवले. पुढं होता तो चष्मा लावलेला, शिकलेला दिसत होता. त्यानं खिडकीतून हात घालून ह्याची कॉलर धरली.

"कुणाला खूण केलीस?"

"ट्रकवाल्याला."

"तुझ्या ओळखीचा?"

"नाही. सवय आहे."

"सवय म्हणे," मागचा एक काठीवाला म्हणाला. "पोलिसांचा खबऱ्या आहे हा. काढा बाहेर."

"पेशंट आहे गाडीत," तो म्हणाला. "बहीण आहे माझी. डायलिसिसला चाललोय."

चष्मेवाल्यानं आक्काकडं पाहिलं. तिनं पदर सारला आणि दंड पुढं केला. सुयांनी भोसकलेली, दोरासारखी फुगलेली शीर. "हात लाव," ती म्हणाली. "लाव की. चावत नाही."

त्यानं बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. आत रक्त मोटारीसारखं थरथरत होतं.

"मशीनसाठी ऑपरेशन करून केलंय ते," आक्का म्हणाली. "ते बंद पडलं की मी पण बंद."

चष्मेवाल्यानं पुलाच्या उताराखाली पाहिलं. ट्रक तसाच उभा होता, इंजिन चालू, पुढं यावं की मागं जावं या विचारात.

"फौजेच्या छावणीला शिधा चाललाय त्यातून," चष्मेवाला म्हणाला. "त्याच छावणीत माझा भाऊ उचलून नेलाय. आज तेरावा दिवस, जिवंत आहे का तेही सांगत नाहीत." त्याचा आवाज खाली आला. "तू थांबवलास, आता तूच बोलाव. त्याला रस्ता मोकळा असल्याची खूण कर. तो इथं आला की तू सुटलास. बहिणीला घेऊन जा दवाखान्यात."

"आणि ड्रायव्हरचं काय?"

"तो पळाला तर पळाला."

दोघांनाही ठाऊक होतं, अशा चरातून कुणी पळत नाही.

त्यानं आक्काकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. कानात फक्त तिची धाप येत होती, कुकरच्या शिट्टीआधी येते तशी. काठीवाल्यानं काठी बॉनेटवर आपटली. ह्याचा हात चाकावरून सुटला. बोटं डिपरच्या दांडीला लागली.

आणि आक्का कोसळली.

सगळं अंग सोडून ती आडवी त्याच्या अंगावर आली. तिचं जड, सुजलेलं शरीर चाकावर पडलं आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. तो तिला उचलू पाहत होता, चष्मेवाला खिडकीतून ओढत होता, पण बाई ओल्या पोत्यासारखी जागची हलत नव्हती. कालव्याच्या पाण्यावरून आवाज लांबवर गेला.

ट्रकवाल्यानं पुढचं काही बघितलं नाही. उलटा गिअर टाकून मागं घेतला, शेतात चाक घालून वळवला आणि धूळ उडवत निघून गेला.

आता तो फौजफाटा घेऊन येणार हे पोराटोरांनाही कळत होतं. चरातली माणसं कालव्याच्या कडेनं पांगू लागली. काठीवाल्यानं जाता जाता दोन्ही दिवे फोडले. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून गोगलगायीच्या तोंडावर एक ठेवून दिली. चष्मेवाला मात्र तसाच उभा राहिला. मग स्वतःच ओंडका ओढून बाजूला करत म्हणाला, "जा."

पूल उतरून बरंच पुढं आल्यावर आक्का नीट बसली, पदर सावरला.

"चक्कर आली होती खरंच?" त्यानं विचारलं.

"तू खरंच मारणार होतास?"

त्यानं ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

"मग मलाही विचारू नको," ती म्हणाली. "आता तरी दाब."

त्यानं दाबलं. जन्मात पहिल्यांदा गोगलगायीनं सायकलवाल्यांना मागं टाकलं.

दवाखान्यात त्यांची वेळ टळून गेली होती. मशीनवर दुसरा पेशंट होता. नर्स कपाळावर आठ्या घालून म्हणाली, यानंतर अर्धी पाळी देईन, बाकीची उद्या, तोवर इथंच पडून राहा. आक्का म्हणाली, अर्धी तर अर्धी, बाकीची तुझ्याकडं उधार. आत सुया टोचेपर्यंत तो तिच्या पायांशी उभा राहिला. मशीनची चाकं फिरायला लागली, नळीतून लाल धार निघाली, तसा तो बाहेर आला.

फाटकासमोरूनच कालव्याचा रस्ता फुटत होता. भाजीचा एक टेम्पो तिकडं वळायला लागला. व्हॅनला आता दिवे नव्हते. गोगलगाय पळत गेला आणि दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"ए काका, मरायचंय का?" टेम्पोवाला ओरडला. "पोलिसात लागलास का तू?"

"पुलावर जाऊ नको."

"का?"

त्यानं सगळं सांगितलं, पांगलेली माणसं परत येतील नाहीतर फौज तरी येईल, हेही. टेम्पो शिव्या देत माघारी वळला. मागून एक जीप येत होती. तो रस्त्याच्या मध्येच उभा राहिला.